श्रावण नेमका कधी धरायचा? आणि तुमच्या घरी तो सुरू कसा होतो?

राजवाड्यामागची | ९ जुलै २०२५

नमस्कार मंडळी,

उद्या गुरुपौर्णिमा. परवा, ११ जुलैला, आमच्या अख्ख्या गल्लीत 'सावन' लागतोय. दूधवाल्यापासून समोरच्या शर्माभाभींपर्यंत सगळ्यांची तयारी सुरू आहे. आमच्या भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत मात्र त्या दिवशी आषाढ वद्य प्रतिपदा आहे आणि श्रावण लागतो थेट २५ जुलैला.

माझं माहेर साताऱ्याचं. सासर इंदूरचं, पण चार पिढ्यांपासून इथलं मराठी घर. सासूबाई होत्या तोवर त्या सांगतील तसं व्हायचं. यंदापासून घरचं सगळं माझ्याकडे आलंय. भाभी १४ जुलैच्या सोमवारी देवळात चला म्हणतात. आमचा पहिला सोमवार २८ चा. माझी मुलगी सहावीत आहे, ती विचारते, "आई, देव एकच आहे, मग आपला श्रावण उशिरा का?" तिला नीट, खरं उत्तर द्यायचं आहे. 'आपल्यात असंच असतं' एवढ्यावर तिची बोळवण करायची नाही.

दुसरं म्हणजे, श्रावण तुमच्याकडे कसा सुरू होतो तेही लिहा. पुस्तकातलं नको, तुमच्या घरातलं.

---

पंचांगकाका | ९ जुलै २०२५

ताई, लेकीला सांगा की आकाशात एकच चंद्र आहे आणि पंधरवडेही तेच आहेत. महिना कुठून मोजायला घ्यायचा, एवढाच फरक आहे.

महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक, आंध्र, तेलंगण इथे महिना अमावास्येला संपतो. हा अमान्त महिना. शुक्ल पक्ष आधी, वद्य पक्ष नंतर. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, तुमचा मध्य प्रदेश इथे महिना पौर्णिमेला संपतो. हा पौर्णिमान्त. तिथे कृष्ण पक्ष आधी येतो, शुक्ल नंतर. त्यामुळे शुक्ल पक्षाचं नाव दोघांकडे एकच असतं. बदलतं ते फक्त कृष्ण पक्षाचं. ११ जुलैला सुरू होणारा पंधरवडा आपल्या लेखी आषाढ वद्य, त्यांच्या लेखी श्रावण कृष्ण. २५ जुलै ते ९ ऑगस्ट हा दोघांचाही श्रावणच. त्यानंतरचा पंधरवडा आपला श्रावण वद्य, त्यांचा भाद्रपद कृष्ण.

म्हणून तर गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावणात आणि मथुरेत भाद्रपदात, पण तिथी एकच. यंदा आपल्या पंचांगात १५ ऑगस्ट. महाशिवरात्रही तशीच. आपण माघ वद्य चतुर्दशी म्हणतो, ते फाल्गुन कृष्ण म्हणतात आणि उपास एकाच दिवशी होतो. लेकीला हे दोन दाखले दिलेत तर तिचं ती बरोबर समजेल.

आणखी एक गंमतीची गोष्ट. उत्तरेत होळी झाली की दुसऱ्या दिवशी चैत्र लागतो, पण नवं संवत् मात्र त्यानंतर पंधरा दिवसांनी, शुक्ल प्रतिपदेलाच, आपल्या पाडव्याच्याच दिवशी सुरू होतं. म्हणजे त्यांचं वर्ष चैत्राच्या मध्यावर बदलतं. अधिक महिना दोघांकडेही अमावास्या ते अमावास्या असाच धरतात. २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा उत्तरेत तो त्यांच्या सावनाच्या दोन पंधरवड्यांच्या मधोमध बसला आणि सावन ४ जुलैपासून ३१ ऑगस्टपर्यंत ५९ दिवस चालला. आठ सोमवार आले. आपल्याकडे तेव्हा १७ ऑगस्टपर्यंत थांबून निज, म्हणजे खरा, श्रावण धरला.

आता धरायचं काय? ज्या घरात राहता त्या घरचं पंचांग धरावं. संकल्पात आपण महिन्याचं आणि पक्षाचं नाव उच्चारतो, ते घरात वर्षभर जसं उच्चारतो तसंच असावं. पण भाभींबरोबर १४ तारखेला देवळात जरूर जा. सोमवारी महादेवाला जायला महिना आडवा येत नाही.

---

महाकालवन | १० जुलै २०२५

मी उज्जैनचा. काकांनी जे लिहिलंय ते आमच्या गावात दरवर्षी रस्त्यावर बघायला मिळतं.

महाकालाची सवारी, म्हणजे देवाची पालखीची मिरवणूक, उत्तरेच्या सावनातल्या पहिल्या सोमवारी सुरू होते. हिशेबाने ती राखीपौर्णिमेपूर्वीच्या सोमवारी संपायला हवी. पण तशी ती संपत नाही, भाद्रपदातल्या कृष्ण पक्षातल्या सोमवारीही निघते. यंदा १४, २१, २८ जुलै, ४, ११ आणि १८ ऑगस्ट. यातले शेवटचे दोन सोमवार उत्तरेच्या हिशेबाने श्रावणात नाहीत, आपल्या हिशेबाने आहेत. शेवटची मोठी सवारी १८ तारखेला, आणि तोच आपला चौथा, शेवटचा श्रावणी सोमवार.

जुनी माणसं याचं कारण शिंद्यांचा अंमल सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे. आज उभं आहे ते महाकालाचं देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुकटणकर यांनी पुन्हा उभं केलं. सवारी ज्या गोपाळमंदिरावरून परत येते ते बायजाबाई शिंद्यांनी बांधवलं. राज्यकर्त्यांच्या घरात श्रावण अमान्त आणि गावाचा सावन पौर्णिमान्त. देवाने दोन्ही धरले.

प्रत्यक्ष बघायची असेल तर सांगतो. दुपारी सभामंडपात पूजा होते, पालखी दाराशी आली की सशस्त्र पोलीस सलामी देतात. मग पालखी रामघाटावर जाते, क्षिप्रेच्या पाण्याने अभिषेक होतो. त्या वेळी घाटावर भजनी मंडळींच्या झांजांचा आवाज असा घुमतो की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. ताई, इंदूरहून तुम्हाला जवळ आहे. लेकीला एकदा आणा. ११ किंवा १८ ऑगस्टला आणलंत तर तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला डोळ्यांनी दिसेल.

---

राजवाड्यामागची | १० जुलै २०२५

काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. इतकी वर्षं सवारी पाहिली, पण ती भाद्रपदात का निघते हा विचार कधी केला नव्हता. लेकीला आज कागदावर दोन ओळींत पंधरवडे काढून दाखवले. तिने त्यावर गोकुळाष्टमी स्वतः बरोबर जागी मांडली.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे या. तुमच्याकडे सुरुवात कशी होते?

---

वाईची_अनघा | १२ जुलै २०२५

आमच्याकडे श्रावण अमावास्येलाच सुरू होतो म्हणा ना. दिव्यांची अवस, यंदा २४ जुलै, गुरुवार.

आदल्या दिवशी माळ्यावरचे सगळे दिवे खाली उतरतात. समया, निरांजनं, लामणदिवा, पंचारती, एक जुना कंदील, आणि वीज गेली की लागणारी चिमणीसुद्धा. चिंचेच्या कोळाने घासायचे. समईच्या खाचांमध्ये वर्षभराचं तेल गोंदासारखं चिकटलेलं असतं, ते काडीला कापड गुंडाळून काढावं लागतं आणि हे काम माझी आजी कुणाला देत नसे. मग पाटावर रांगोळी, त्यावर सगळे दिवे मांडून पूजा. नैवेद्याला कणकेचे गूळ घालून उकडलेले दिवे, वर तुपाची धार. आमच्या घरात विजेरीलाही हळदकुंकू लागतं, ती सासऱ्यांची पद्धत.

संध्याकाळी कहाणी. राजाच्या सुनेने घरातला जिन्नस स्वतः खाल्ला आणि आळ उंदरांवर घातला. उंदरांनी सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकली. सुनेला घराबाहेर काढलं. ती घरातल्या दिव्यांचं नेमाने करत असे, ते करणारं आता कुणी उरलं नाही. मग अवसेच्या रात्री गावातले सगळे दिवे झाडावर जमले, एकमेकांना आपापल्या घरची हकिकत सांगू लागले, आणि त्या सुनेच्या घरचा दिवा बोलला तेव्हा झाडाखाली थांबलेल्या राजाने ते ऐकलं. सुनेला सन्मानाने परत आणलं. लहानपणी मला वाटायचं, रात्री आपल्या घरचे दिवे काय सांगत असतील? त्या भीतीने मी अवसेच्या आधी भावाशी भांडण मिटवून टाकत असे.

या दिवसाला आता सगळीकडे 'गटारी' म्हणतात त्याचं फार वाईट वाटतं. श्रावणात मांसाहार बंद, म्हणून आदल्या दिवशी करून खाणं हे पूर्वापार आहे, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण दिवे घासून लखलखीत करायच्या दिवसाला ते नाव नको.

---

वैनगंगेकाठी | १२ जुलै २०२५

अनघाताई, तुमच्याकडे दिव्यांची अवस, आमच्या पूर्व विदर्भात त्याच अमावास्येला जिवती म्हणतात. माझ्या गावी सकाळी कडुनिंबाची डहाळी दाराला खोचतात. लोहार घरोघर येऊन चौकटीला खिळा ठोकतो, त्याला धान्य द्यायचं. भाताच्या रोवणीचे दिवस असतात, रोगराई-इडापिडा दाराबाहेर राहावी म्हणून हे. पुण्याकडे जिवती म्हणजे भिंतीवरचा कागद, हे मला नोकरीला तिकडे गेल्यावर कळलं.

---

नाशिकची_माई | १४ जुलै २०२५

मग कागदाबद्दल मी लिहिते, कारण यंदा श्रावणाचा पहिलाच दिवस शुक्रवार आहे. असं दरवर्षी होत नाही. २५ जुलैला प्रतिपदा आणि पहिली जिवती एकदमच. म्हणजे कागद त्याच्या आधी घरात यायला हवा, नाहीतर आयत्या वेळी धावपळ होईल. शुक्रवारही पाच आहेत, २५ जुलै, १, ८, १५ आणि २२ ऑगस्ट.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. जिवतीचा कागद म्हणजे हातभर लांब छापील चित्र. खांबातून निघालेला नरसिंह, कालियाच्या फणीवर नाचणारा कृष्ण, मग पाळणा आणि अंगाखांद्यावर मुलं घेतलेल्या जरा-जिवंतिका, आणि खाली हत्तीवर बसलेला बुध आणि वाघावर बसलेला बृहस्पती. छपाई स्वस्तातली असते, एखाद्या बाळाचा रंग रेषेबाहेर गेलेला असतो. पण ते चित्र महिनाभर समोर असलं की कळतं, त्यात महिन्याचं सगळं वेळापत्रक आहे. नागपंचमीला कृष्ण, बुधवार-गुरुवारी बुध-बृहस्पती, शुक्रवारी जिवती, शनिवारी नरसिंह. आणि धागा एकच. नरसिंहाने प्रल्हाद राखला. कृष्णाने डोहातल्या विषापासून गोकुळातली पोरं राखली. जरेने दोन शकलांचं बाळ जोडून जिवंत केलं, तो पुढे जरासंध झाला. सगळं चित्र मुलं जगावीत म्हणून आहे. देवी-गोवराने घरातली लेकरं पटापट जात होती त्या काळातल्या आयांनी हे धरून ठेवलं, हे लक्षात घेतलं की त्याच्याकडे बघायची नजर बदलते.

आमच्याकडे आघाडा-दूर्वांची माळ, एकवीस मण्यांचं कापसाचं वस्त्र, गूळफुटाणे आणि दूध. पुरणाचं जेवण, पुरणाचेच दिवे करून मुलांना ओवाळायचं. माझा मुलगा आता पन्नाशीला आला तरी शुक्रवारी कामावर जाण्याआधी पाटावर बसतो. मुलगी मेलबर्नला आहे. मूल परगावी असेल तर ओवाळून चारी दिशांना अक्षता टाकायच्या, मूल जिथे असेल तिथे पोचतात. मी तेच करते. कुणी म्हणेल व्हिडिओवर ओवाळा, तेही करते. पण अक्षता टाकल्याशिवाय मला ते पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

---

अबोली_८४ | १४ जुलै २०२५

माई, तुमचं वाचून लिहायचं धाडस करते आहे.

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या श्रावणात आईने कागद आणला नाही. नात्यातल्या एका बाईंनी तिला सांगितलं होतं की आता औक्षण तू करू नकोस, सवाष्णीकडून करून घे. आई काही बोलली नाही. त्या शुक्रवारी तिने पुरण केलं, वाढलं, आणि मी नि दादा जेवत असताना ती स्वयंपाकघरातच राहिली. आता माझं लग्न झालंय, मला मुलगा आहे. मी जिवती करते आणि आई पाटापासून लांब बसून बघते. तिला कसं सांगू? आणि शास्त्रात खरोखर असं आहे का?

---

नाशिकची_माई | १४ जुलै २०२५

अगं अबोली, जिवती हे आईने लेकरांसाठी करायचं व्रत आहे. त्यात बाईचं बाईपण नवऱ्यावर मोजलेलं नाही. शुक्रवारी सवाष्ण जेवायला बोलावतात, हळदकुंकू करतात, तो त्या दिवसाचा वेगळा भाग. तो तुझ्या आईच्या ओवाळण्याच्या आड येत नाही. मी स्वतः यजमान गेल्यावर एकही शुक्रवार सोडलेला नाही. २५ तारखेला आईच्या हातात तबक तू दे. "आई, मला ओवाळ," एवढंच म्हण. मुलाला नंतर तू ओवाळ.

---

पंचांगकाका | १५ जुलै २०२५

माईंना पूर्ण अनुमोदन. अबोलीताई, हवं तर आईंना सोमवारची खुलभर दुधाची कहाणी वाचून दाखवा. राजाने हुकूम काढला की गावातलं सगळं दूध देवळात आणून महादेवाचा गाभारा भरावा. लोकांनी वासरं तोडली, मुलांच्या तोंडचं दूध काढून आणलं. गाभारा भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिने घरातल्या लेकरांना, सुनांना, वासरांना आधी पाजलं होतं आणि उरलेलं खुलभर दूध आणलं होतं. ते ओतलं आणि गाभारा भरला.

त्या म्हातारीचा नवरा होता की नव्हता हे कहाणीत कुणी विचारत नाही. महादेवानेही विचारलं नाही. तिने आधी लेकरांना पाजलं, एवढंच पाहिलं.

---

अबोली_८४ | १५ जुलै २०२५

काका, माई... आईला हे दोन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "पुरणाला डाळ कुठली आणायची ते तरी बघू."

---

चुडीवाली | १६ जुलै २०२५

फोंड्याहून लिहिते. आमच्याकडे श्रावण म्हणजे आयतार आणि चुडी. रविवार आणि शुक्रवार. चुडी म्हणजे रानातली आणि परसातली पानंफुलं घेऊन बांधलेला लहान झुबका. दूर्वा, आघाडा, शंखासुराची फुलं, मिळेल ते, आणि बांधायला केळीचा सोप, म्हणजे खोडाची साल. सकाळी पाऊस थांबला की परडी घेऊन निघायचं. माझी सासू चालता चालता हातातल्या हातात चुडी बांधते, मला अजून बसून बांधावी लागते. तुळशीला, उंबरठ्याला, विहिरीला, चुलीला वाहायची. मग घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना चुडी देऊन नमस्कार करायचा आणि एकीने दुसरीच्या केसांत माळायची.

आता परस राहिले नाहीत, फ्लॅटमध्ये आघाडा कुठून येणार? म्हापशाच्या बाजारात बांधलेल्या चुड्या विकायला येतात. विकतची आणली तरी एक तरी दूर्वा स्वतः खुडून तिच्यात घालावी असं माझं मत आहे.

नागपंचमीला पातोळ्या. हळदीच्या पानात तांदळाचं पीठ, आत गूळखोबरं, आणि वाफवायचं. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, जमीन खणायची नाही, म्हणून उकडलेलंच.

---

वाईची_अनघा | १६ जुलै २०२५

आमच्याकडे त्याच कारणाने पुरणाचे दिंड. यंदा नागपंचमी २९ जुलैला, मंगळवारी. म्हणजे नव्या मुलींची पहिली मंगळागौरही त्याच दिवशी. रात्री जागरण, झिम्मा-फुगडी, आणि जेवणात काही चिरायचं नाही. ज्यांच्याकडे पहिली मंगळागौर आहे त्यांनी आधीच बेत ठरवा. वालाची डाळिंबी आदल्या दिवशी सोलून ठेवा म्हणजे सोपं जाईल.

आणि कळकळीची विनंती, गारुड्याकडच्या टोपलीतल्या नागाला दूध पाजू नका. साप दूध पचवू शकत नाही. नाग पकडून त्याचे खेळ करणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पाटावर गंधाने नाग काढा, लाह्या-दूध त्याला वाहा. पिढ्यान् पिढ्या घरोघर तसंच करत आले आहेत.

---

हडसनपार | १९ जुलै २०२५

न्यू जर्सीहून एक शंका. भारतात २५ ला प्रतिपदा, पण आम्ही जवळजवळ दहा तास मागे. मग आमचा श्रावण २४ ला की २५ ला? देवळाच्या यादीत आणि आईच्या कॅलेंडरात कधी कधी एका दिवसाचा फरक येतो.

---

पंचांगकाका | १९ जुलै २०२५

तिथी ही घड्याळाची गोष्ट नाही, आकाशातली आहे. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी पुरी होते, आणि तो क्षण जगभर एकच असतो. यंदा आषाढ अमावास्या संपते भारतात २४ च्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे २५ ला रात्री पाऊणच्या सुमारास. तुमच्याकडे तेव्हा २४ ची दुपार, तीन वाजून गेलेले. पण दिवसाला नाव मिळतं ते आपल्या गावी सूर्य उगवताना जी तिथी असेल तिचं. न्यू जर्सीत २४ ला सूर्योदयाला अमावास्याच असेल, २५ ला प्रतिपदा. म्हणजे तुमचाही श्रावण २५ पासूनच. माईंच्या मेलबर्नच्या लेकीकडे तो क्षण २५ च्या पहाटे येतो, सूर्योदयापूर्वी, त्यामुळे तिचीही प्रतिपदा २५ लाच.

हे दर वेळी असं जुळत नाही. एखाद्या तिथीचा शेवट तुमच्या आणि भारताच्या सूर्योदयांच्या मध्ये पडला की एक दिवसाचा फरक येतो. तेव्हा तुमच्या गावच्या सूर्योदयावर काढलेली यादी धरा, देवळाची यादी बहुतेक तशीच असते. वारांची व्रतं मात्र तुम्हाला सोपी. सोमवार तुमच्या गावचा सोमवार. आणि श्रावणात वारांचंच जास्त आहे.

---

हडसनपार | १९ जुलै २०२५

धन्यवाद काका. आता लक्षात आलं. इथे आम्ही चार मैत्रिणी आळीपाळीने सोमवारी संध्याकाळी एकत्र जमून शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचतो आणि एकत्रच उपास सोडतो. आमच्यातली एक तेलुगू आहे, तिला मराठी वाचता येत नाही, पण तिला तो अध्याय आता ऐकून ऐकून पाठ झालाय. श्रीधरस्वामींनी तो ग्रंथ शके १६४० मध्ये बारामतीत पुरा केला. तिथून निघालेल्या ओव्या अमेरिकेतल्या एका तळघरात चार बायका म्हणतात, याचं मला दर सोमवारी नवल वाटतं.

---

गोदाकाठचा_गणेश | २० जुलै २०२५

शिवामुठीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी शेतकरी आहे, परभणी जिल्हा. आमच्याकडे नव्या सुना पाच वर्षं शिवामूठ वाहतात. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या तीळ, तिसऱ्या मूग, चौथ्या जव. पाचवा सोमवार आला तर सातू. यंदा चारच सोमवार आहेत, २८ जुलै, ४, ११ आणि १८ ऑगस्ट. "शिवा शिवा महादेवा, माझी शिवामूठ ईश्वरा देवा" असं म्हणून पिंडीवर मूठ उभी सोडायची, आणि मागायचं काय तर 'नावडती आहे ती आवडती कर'. नव्या घरात गेलेल्या पोरीच्या मनातलं इतकं सरळ मागणं दुसऱ्या कुठल्या व्रतात मी ऐकलं नाही. माझ्या बायकोने आमच्या लग्नानंतर ते म्हटलं तेव्हा मी देवळाबाहेर उभा होतो. त्या दिवशी मला प्रथम कळलं की तिला आमच्या घरात परकं वाटतंय.

एक सांगणं आहे. गर्दीच्या देवळात पिंडीवर पडलेलं धान्य दूधपाण्यात भिजून नाल्यात जातं. औंढा नागनाथ आम्हाला जवळ, तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणारेही आमच्या गावात आहेत. सगळीकडे हीच तऱ्हा पाहिली. धान्य पिकवायला काय लागतं ते आम्हाला माहीत आहे. आमच्या गावच्या देवळात आता पिंडीसमोर परात ठेवतो. चार दाणे पिंडीवर, मूठ परातीत. महिनाअखेर ते धान्य सप्त्याच्या जेवणावळीला जातं. जुन्या माणसांनी आधी कुरकुर केली, मग त्यांनीच परात आणून दिली.

---

महाकालवन | २० जुलै २०२५

गणेशदादा, परातीची गोष्ट आमच्या कॉलनीतल्या देवळात उद्याच सांगतो. फार चांगली सोय आहे.

---

डोंबिवलीकर | २१ जुलै २०२५

छान धागा. खाण्याबद्दल थोडं. चातुर्मासात श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळी वर्ज्य असा जुना नेम आहे. आमच्याकडे पालेभाजी बंद असते, पावसात ती चिखलाची आणि किडकी येते हेही खरं. कांदा-लसूण महिनाभर नाही. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाण्यावर उपास काढू नये, डॉक्टरांना विचारून काय ते ठरवावं. माझ्या वडिलांनी सोमवारचा उपास सोडून त्या वारी एका माणसाला जेवू घालायचं धरलंय, आणि ते उपासाइतक्याच नेमाने पाळतात.

---

राजवाड्यामागची | २२ जुलै २०२५

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! १४ आणि २१ ला भाभींबरोबर देवळात जाऊन आले, संकल्प न करता. २८ पासून आपले सोमवार. भाभींना ११ आणि १८ ऑगस्टला आमच्याबरोबर यायचं आमंत्रण दिलंय. त्यांचा सावन तेव्हा संपलेला असेल, तरी त्या आनंदाने हो म्हणाल्या. दिवे आज घासायला काढलेत.

आता दोन अडचणी. जिवतीचा कागद इथे सगळ्या दुकानांत मिळत नाही, आणि चौथ्या सोमवारचे जव. इथे 'जौ' म्हणून जे मिळतं ते सोललेलं असतं. ते चालेल का?

---

नाशिकची_माई | २२ जुलै २०२५

सोललेले नकोत, साल असलेले घे. पूजेच्या सामानाच्या दुकानात हवनासाठीचे जव मिळतात, ते सालासकट असतात. नवरात्रात घटाला पेरतात तेच. पण परातीतून ते कुणाच्या पोटात जायचे असतील तर किराणा दुकानातूनच सालवाले माग, हवनाच्या सामानात धूळ-खडे फार असतात. कागद मी उद्या सकाळी इथून स्पीड पोस्टाने पाठवते, पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळव. पहिल्या शुक्रवारपर्यंत पोचला नाही तर काळजी करू नकोस, पाटावर तांदळाची रास करून तीवर सुपारी मांड आणि लेकीला ओवाळ. कागद पुढच्या शुक्रवारी लागेल.

---

गोदाकाठचा_गणेश | २३ जुलै २०२५

शेवटचा शुक्रवार, २२ ऑगस्ट, हाच आमचा पोळा, पिठोरी अमावास्या. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि त्यांना सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." माईंचं पुरण आणि आमच्या बैलांचं पुरण यंदा एकाच दिवशी शिजणार. ज्यांना यायचं त्यांनी या, औंढ्याचं दर्शनही होईल. फक्त २१ च्या रात्रीपर्यंत कळवा, पुरणाला डाळ भिजत घालायची असते.